बुधवारचा अर्धा तास

रशीदा, काल तुझी नसीमा माझ्याकडं आली होती. शिरूरला सासरी परत निघाली होती. पोराला कडेवर घेऊन दाराशीच उभी राहिली, आत ये म्हटलं तर येईना. मग खाली बघत म्हणाली, "मावशी, अम्मीचे फोटो हायत. आवाज न्हाई कुठं. तुमी दोघी दर बुधवारी रेडिओवरचं टेप करायच्या नव्हं? त्यात असंल की अम्मी."

मी "बघते" म्हटलं आणि आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. काय सांगणार होते पोरीला? अख्ख्या राहू गावात ज्या बाईचा आवाज शिलाई मशीनच्या खडखडाटावरून पलीकडच्या गल्लीत जायचा, तिचा आवाज त्या टेपमध्ये नसणार हे मला पक्कं माहीत होतं. राजे असतील, घोडे असतील, समोरच्या बाभळीवरचा कावळासुद्धा असेल, पण तू नसशील. टेप चालू असताना बोलायचं नाही हा कायदा तुझाच, आणि तो माझ्यावर तू किती कडक चालवलास ते माझं मला ठाऊक. तरी मी बाहेर येऊन नसीमाला म्हटलं, उद्याचा दिवस थांब, बुधवार आहे, दुपारी तुमच्या घरी बसून लावून बघू.

तुला जाऊन आठवडा होत आला. छातीत कळ आली म्हणून जीपमध्ये घातलं, पाटस मागं पडलं आणि दौंड यायच्या आत तू गेलीस. तुझे पाय माझ्या मांडीवर होते. तुझी चप्पल अजून माझ्याकडंच आहे, ती द्यायची कुणाला ते कळत नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात, रशीदाभाभीचं मशीन बंद झालं, करमत नाही. पण ते मशीन बंद होणं माझ्या ओळखीचं आहे. इतकी वर्षं आठवड्यातून एकदा ते बंद व्हायचं, आणि त्यासाठीच तर मी हातातलं काम टाकून तुझ्याकडं यायचे.

कसं सुरू झालं आठवतं ना? तुझ्या घरचे, इस्माईलभाई, रांजणगावला कंपनीत नवीन लागले होते. पहिल्याच दिवाळीला त्यांनी टेप आणला, कव्वाल्या ऐकायला. रेडिओ तुझ्या माहेरचा. आणि बुधवारी दुपारी रेडिओवर तो इतिहासाचा कार्यक्रम लागायचा. भारदस्त आवाजाचा एक माणूस ओसरीवर बसून सांगितल्यासारखं सांगायचा. कधी जुन्नरकडचा घाट, कधी मिसरचे पिरॅमिड, कधी दख्खनच्या सुलतानांनी जमिनीखालून शहरात नेलेलं पाणी. आपण ऐकायचो, म्हणजे ऐकायचा प्रयत्न करायचो. तू पायानं मशीन हाणत असायचीस, मी तुझ्या ब्लाउजांना हूक लावत असायचे, आणि ऐन वेढा पडला की कुणीतरी दारात हजर. भाभी, फॉल लावला का? भाभी, बाही जरा सैल कर. वेढा तिकडंच राहायचा. माझ्या घरी तरी काय वेगळं होतं? आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बाई नुसती बसलेली दिसली की लगेच तहान लागायची.

मग एका बुधवारी तू जाहीर केलंस की हा कार्यक्रम आता टेप करायचा. नसीमा पाचवीत गेली आहे, तिच्या अभ्यासाला उपयोगी पडेल. तुझ्या सासूला पटलं. इस्माईलभाईंना तर फारच पटलं, पोरगी शिकावी असं त्यांच्या मनात होतंच. रेडिओ आणि टेप जोडायची वायर आपल्याकडं नव्हती, अशी वायर असते हेही माहीत नव्हतं. तू दोघांना स्टुलावर समोरासमोर ठेवलंस, सोयरीक जमवायला बसलेल्या म्हाताऱ्यांसारखं, आणि लाल बटन दाबलंस. मशीन चालूच ठेवलंस. नंतर लावून बघितलं तर राजाचं नाव नाही, गाव नाही, नुसता खडखडाट. आपण पोट धरधरून हसलो. तुझ्या सासूनंच मग निकाल दिला की टेप चालू असेल तोवर मशीन बंद ठेवायचं.

झालं. त्या दिवसापासून तुझ्या घरात बुधवारी दुपारी पाटी फुटली तरी चालेल, पण आवाज नको. शेळी मागच्या अंगाला बांधायची, कुकर लावायचा नाही, दार अर्धं लोटायचं. सेल कमजोर झाले की आदल्या दिवशीच पत्र्यावर उन्हात तापत घालायचीस, नाहीतर त्या माणसाचा आवाज दारू प्यायल्यासारखा लांबायचा. कुणी दारात आलं की तू बोट ओठावर ठेवून नुसत्या ओठांनी सांगायचीस, "टेप चालू हाय." आणि काय जादू होती त्या शब्दांत! एरवी 'आत्ताच्या आत्ता शिवून दे' म्हणणाऱ्या बाया कपड्याचं गाठोडं उंबऱ्यावर ठेवून चवड्यांवर चालत परत जायच्या. सरपंचाची बायकोसुद्धा गेली एकदा.

आणि आमचे आबा! मला बोलवायला आले होते. गाय व्यायली होती की पाहुणे आले होते, आता आठवत नाही. हाक मारणार तोच तू त्यांना बोट दाखवलंस. सासऱ्यासारख्या माणसाला! मी उठलेच. तर आबांनी चपला काढल्या, उंबऱ्यावर बसले आणि संपेपर्यंत ऐकत राहिले. शेवटी पटका सारखा करत म्हणाले, "राजाला भावानंच दगा दिला व्हय? भाऊबंदकी तवाबी व्हतीच म्हणा." पुढं कधीकधी बुधवारी तेच मला विचारायचे, आज जायचं न्हाई का गं रशीदाकडं.

बटन बंद केलंस की मग मात्र तुझं तोंड सुटायचं. मला राण्या आवडायच्या, लढाया, फितुरी. तुझं भलतंच. मोठं लष्कर निघालं असं त्या माणसानं सांगितलं की तुझा ठरलेला प्रश्न, त्यांचे तंबू कुणी शिवले? मी म्हणायचे, असतील कुणी शिंपी. तेवढ्यानं तुझं समाधान व्हायचं नाही. किती जण होते, बरोबर चालत जायचे का बैलगाडीत बसून शिवायचे, पावसात दोरा कुजत नसेल का. मी चिडून म्हणायचे, अगं बाई, तिकडं राज्य बुडालं आणि तुला दोऱ्याचं पडलंय. तर तू म्हणालीस, "मग राज्य बुडाल्यावर ते तंबू उसवले कुणी?" आपलं हे भांडण अजून संपलेलं नाही. मला आजही वाटतं की राणीच महत्त्वाची. पण परवा टीव्हीवर कुठलंसं लष्कर दाखवलं आणि माझी नजर आधी तंबूच्या शिवणीवर गेली. जळ्ळं मेलं तुझं लक्षण, असं तोंडातून निघून गेलं आणि मग मीच जीभ चावली. आयुष्यभर तुला मेली मेली म्हणत आले, आता तेही म्हणता येत नाही.

एकदा मी तुला विचारलं होतं. दिवसभर खपतेस, मान धरते, डोळ्यांतनं पाणी येतं, तर जरा गाणी लाव, डोकं शांत होईल. ह्या मारामाऱ्या आणि दुष्काळ ऐकून कसलं बरं वाटतं तुला? तू भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली होतीस. तुझे पाय असे सरळ पसरलेले फक्त बुधवारीच दिसायचे. डोळे मिटूनच म्हणालीस, "मंदे, हे समदं होऊन गेलंय बघ. जिंकला त्यो जिंकला, मेला त्यो मेला. आता कुणाचं कायबी करायचं ऱ्हायलं न्हाई. तिथं कुणाचं शिवायचं बाकी न्हाई."

मला तेव्हा ते फार पटलं होतं. मी घरी जाऊन आमच्या ह्यांनाही सांगितलं. आता तुला तोंडावर सांगते, साफ खोटं आहे ते. तूही आता होऊन गेलीस. तुझंही कुणाला काही करायचं राहिलं नाही. मग कुठं आहे ती शांतता? तुझ्याकडचे अर्धवट कपडे बायका येऊन घेऊन गेल्या, टाचण्या तशाच. एकीच्या ब्लाउजला एकच बाही लावून झाली होती. ती तो हातात धरून तिथंच खाली बसली आणि हमसून रडली, आणि मला तिचाच राग आला. माझ्याआधी हिला रडू कसं आलं म्हणून. असं वेड्यासारखं होतं मला हल्ली. होऊन गेलेल्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटत असतील, रशीदा, पण ज्याच्या घरात त्या झाल्या त्याला विचारावं.

आणि आता ते कॅसेटचं. तू विषय काढू द्यायची नाहीस, पण आज काढणार. बरीच वर्षं टेप करून झाली होती. मला त्या नाणेघाटातल्या दगडी रांजणाचा भाग पुन्हा ऐकायचा होता. व्यापारी जाता-येता त्यात जकात टाकायचे तो. तू आज देते, उद्या देते करत राहिलीस. शेवटी तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मीच मशीनचा ड्रॉवर उघडला. बॉबिनी, खडू, मोडकी कात्री आणि एक कॅसेट. एकच! माझ्या डोक्यात तर कपाटभर कॅसेटी होत्या. अख्खा इतिहास आपण जमवला आहे असं मी माहेरी सांगून बसले होते. आणि तू एका बुधवारावर दुसरा बुधवार चढवत गेली होतीस. रांजण गेला, पिरॅमिड गेले, सगळ्या राण्या गेल्या.

मी ताडताड बोलले. तू घागर उतरवून ठेवलीस आणि शांतपणे म्हणालीस की ऐकलं की आपण, परत कशाला ऐकायचं. मग टेप तरी कशाला करायचा, असं मी ओरडले. तू दोरा तोंडात ओला केलास आणि सुईत ओवलास. पुढचे काही बुधवार मी आले नाही. मग तूच नसीमाला पाठवलंस. "अम्मीनं मशीन बंद केलंय, चला," एवढाच निरोप. मी गेले. पण मी बरोबरच होते हं. ते मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

नसीमा शाळा शिकून मोठी झाली, शिरूरला दिली, तरी तुझा टेप चालूच. घरोघर टीव्ही आले, पोरांच्या खिशात मोबाईल आले. तो भारदस्त माणूस जाऊन त्याच्या जागी एक बाई आली, तिचंही आपल्याला पटलं. आता कुणाच्या अभ्यासाला गं, असं मी विचारलं तर म्हणालीस, नातवाच्या. नातू तेव्हा रांगत होता. मी हसले आणि सोडून दिलं. एवढी मी तोंडाळ, सगळ्यांच्या घरातलं मला आधी कळतं असं गावात म्हणतात, पण माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

गेल्या बुधवारी मी अर्ध्यातून उठले. लाईट आली होती, उसाची मोटर चालू करायची होती आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. मी हातानंच तुला खूण केली, जाते म्हणून. तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी तर तू गेलीस. जीपमध्ये तू काही बोललीच नाहीस, नुसता माझा हात धरून होतीस. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं म्हणजे ती खूण. इतक्या वर्षांची बडबड आणि शेवटी एक हात हलवणं. याचा मला राग येतो. कुणावर ते माहीत नाही.

आज दुपारी मी तुझ्याकडं गेले. नसीमानं पोराला निजवलं होतं. इस्माईलभाईंनी कालच नवे सेल आणून ठेवले होते, पण ते आत आले नाहीत, बाहेर ओट्यावर पाठ करून बसले. कॅसेट टेपमध्येच होती, तू ठेवलीस तशी. मी मागं फिरवली आणि लावली. त्या बाईचं बोलणं सुरू झालं. जुन्या बंदराची गोष्ट होती, वाऱ्याची वाट बघत किनाऱ्याला थांबलेली गलबतं आणि त्यांचे खलाशी. मध्येच आपला कावळा. मध्येच एसटीचा हॉर्न. मग बांगड्या वाजल्या, दार करकरलं, ती मी उठून गेले. नसीमा टेपला कान लावून बसली होती. तिच्या तोंडाकडं बघवेना. मी मनात म्हणत होते की संपल्यावर पोरीला काय सांगू.

कार्यक्रम संपला. शेवटची धून वाजली. मग रेडिओ बंद केल्याचा खटका. आता टेपचं बटन बंद होणार म्हणून नसीमानं माझ्याकडं बघितलं. ते होईना. टेप चालूच. नुसती खरखर, लांबवर कुणाची तरी शेळी. मला वाटलं, विसरलीस बंद करायला. पण मशीनही सुरू होईना. तू उठलीच नव्हतीस गं. भिंतीला टेकून, पाय लांब करून तशीच बसली होतीस. तुझ्या बांगड्या एकदा हळूच किणकिणल्या. मग पुन्हा काही नाही. आम्ही दोघी तुझं ते नुसतं बसणं ऐकत राहिलो.

मग बाहेरून कुणीतरी हाक मारली, भाभी, माझा ब्लाउज झाला का? आणि अगदी जवळून, दमलेल्या पण गोड आवाजात, कुजबुज नाही की काही नाही, तू म्हणालीस, "थांब बाई जरा. टेप चालू हाय."

नसीमानं तोंडावर हात दाबला. "रेडिओ तर बंद केला व्हता की अम्मीनं," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. मी तिला कुशीत घेतलं. ओट्यावर इस्माईलभाईंचे खांदे हलत होते. कॅसेट शेवटपर्यंत गेली, आपोआप खट्ट करून थांबली. शेवटपर्यंत त्यात मशीनचा खडखडाट आलाच नाही.

म्हणजे असं होतं तर. नसीमाचा अभ्यास नाही, नातवाचा नाही. तुला बसायचं होतं. इतिहास तुला आवडायचा, ते काही खोटं नव्हतं. तंबूंचं खोटं नव्हतं. पण नुसतं ऐकायला बसलेल्या बाईला कुणीही उठवतं, आणि टेप करणाऱ्या बाईला सरपंचाची बायकोसुद्धा उठवत नाही. एवढं तू ओळखलं होतंस. त्याला कपाटभर कॅसेटी लागत नाहीत, एक पुरते.

पण मला तरी सांगायचं होतंस. मी काय तुझी गिऱ्हाईक होते? नसीमा टेपवरची धूळ पुसत होती तोवर मी मनात तुझ्याशी हेच भांडत होते. मग माझं मलाच उमगलं. मला सांगितलं असतंस तर तो अर्धा तास मी बडबडून खाल्ला असता. आता कशाला गप्प बसायचं, म्हटलं असतं, आणि सुरू झाले असते. तुला ते माहीत होतं. मलाही तू गप्प बसवलंस, आणि मी समजत होते की इतिहासासाठी बसले आहे. आता खरं सांगू? मलाही आठवड्यात तेवढाच मिळायचा. शेत नाही, चूल नाही, आबांची तहान नाही. पाठ टेकायला तुझी भिंत आणि शेजारी तू. हे तू माझ्यासाठीही केलंस की नाही, ते आता कधी कळायचं नाही. मी आपलं केलंस असंच धरून चालणार आहे. तू असतीस तर हे बोलले नसते.

तुझ्याच कात्रीच्या टोकानं मी कॅसेटच्या वरचे ते दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले. आता तिच्यावर कुणाला काही चढवता येणार नाही. नसीमानं ती पोराच्या टोपड्यात गुंडाळली, पिशवीत तळाशी घातली आणि तिच्या बापानं तिला शिरूरच्या वाटेवरच्या न्हावरा गावाला जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दिलं.

ती गेल्यावर मी तुझ्या खोलीत केर काढायला म्हणून गेले आणि बसून राहिले. एवढ्यात दारात कुणी आलं. भांडगावची ती उंच बाई, वर्षातनं दोनदा गठ्ठ्यानं कपडे आणते ती. तिला काही कळलेलं नव्हतं. गाठोडं काखेत, घामानं निथळलेली, आत डोकावून विचारायला लागली, "भाभी न्हाईत व्हय?"

सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंसुद्धा मी. पण माझं बोट आपोआप ओठावर गेलं. तिनं बंद मशीनकडं बघितलं, स्टुलावरच्या टेपकडं बघितलं, समजून मान हलवली. गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि चवड्यांवर चालत गेली.

उद्या मी स्वतः भांडगावला जाऊन तिला सांगेन, गाठोडंही परत करेन. आज बुधवार आहे. तू बस.